वरच्या खोलीतलं एडिटिंग

आमच्या जिन्याखाली मोडक्या छत्र्या, रिकामे डबे, कुणाची तरी जुनी बादली असं साठत जातं. कुणी ठेवलं, कधी ठेवलं, पत्ता नाही. एक दिवस जिन्याखालचं दारच उघडेना झालं की समजायचं, आता आवरायची वेळ आली. किस्स्यांचंही तसंच. गेल्या सहा-सात महिन्यांत वरच्या खोलीतले एवढे किस्से माझ्याजवळ साठलेत की काही विचारू नका! भाजीच्या गाड्यावर उभं राहून तुकड्यातुकड्यानं सांगते, तर निम्म्यात गाडा पुढं जातो. म्हणून म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढावं.

आधी माणसं सांगते. मी मंगल. खालच्या खोलीत राहते. शाळा सातवीपर्यंत, पण चौकशीत मला कुणी मागं टाकणार नाही. वर वैशाली राहते, तिशीतली, बारावी पास. तिचा नवरा सुनील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. आणि सुनीलची आई हौसाबाई. या मुरगूडजवळच्या खेड्यातल्या. गुडघ्याच्या औषधासाठी चार दिवस म्हणून आल्या आणि राहिल्या. वैशाली त्यांना आत्ती म्हणते, मी हौसाक्का म्हणते.

वैशालीच्या मनात आलं की व्हिडिओ एडिटिंग शिकायचं. लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ कापून जोडून नीट करतात ना, ते काम. क्लासच्या वेळा आणि सुनीलच्या शिफ्टचे डबे काही जुळेनात. मग तिनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. स्वतःचं स्वतः शिका, अशातलं. उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं जाड! सुनीलनं मित्राचा जुना कॉम्प्युटर आणला. वायफाय आमचं. आणि वायफाय आमचं म्हटल्यावर चौकशीचा हक्कही आमचाच, नाही का?

हौसाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "संक्रांतीपतोर बघतो. काम मिळालं तर ऱ्हा हितं. न्हाई तर माझ्यासंगट गावाकडं चलायचं. थोरल्या सुनंला एकटीला म्हशींचं निभंना झालंय. सुनील ऱ्हाईल शिरोलीत दोस्ताच्या खोलीवर."

वैशाली हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

* * *

पुस्तकाबरोबर सरावासाठी व्हिडिओ मिळतात. इंटरनेटवरनं उतरवून घ्यायचे. त्यात कुठल्यातरी थंड देशातला एक दाढीवाला माणूस सायकलवरनं डोंगर चढत असतो. बारा सेकंदांचा तुकडा. पहिल्या तीन धड्यांतले सगळे प्रयोग त्या बिचाऱ्यावरच. वैशाली तुकडा लावायची, थांबवायची, मागं घ्यायची, परत लावायची.

हौसाबाई कॉटवर बसून लसूण सोलत बघायच्या. पहिला दिवस गप्प. दुसरा दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी त्यांनी लसणाचं ताट बाजूला सारलं.

"मंगल, ह्यो माणूस परवाधरनं सायकल हाणाय लागलाय. ह्येला जायाचंय तरी कुठं?"

मी म्हटलं, "हौसाक्का, तो तेवढाच आहे. बारा सेकंदांचा."

"आगं पर घाम बघ की त्येचा! कुणी पाणी तरी द्या म्हणावं!"

चौथ्या धड्यात नको असलेला भाग कापायचा होता. वैशालीनं ब्लेड घेतलं (स्क्रीनवरचं हो, घाबरू नका!), दाढीवाल्याचे मधले सात सेकंद कापले आणि उडवून टाकले. आता तो पायथ्याशी दिसला की पुढच्या क्षणी थेट माथ्यावर.

हौसाबाईंनी केवढा तरी श्वास सोडला. "बरं केलंस बाई. चढ तरी वाचला त्येचा!"

* * *

प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न असायचे आणि खाली लगेच उत्तरं. वैशाली म्हणाली, "काकी, उत्तरं दिसली की माझी नजर जाते. तुम्ही परीक्षा घ्या."

मी परीक्षा घ्यायची! सातवी नापास होता होता वाचलेली मी! पण बसले. उत्तरांवर उलथनं आडवं ठेवलं आणि तिनंच आधी वहीत मराठीत लिहून दिलेले प्रश्न मोठ्या आवाजात विचारायला लागले. ती उत्तर द्यायची. मी उलथनं जरा सरकवून आत बघायची आणि "बरोबर" किंवा "चूक" म्हणायची.

पंधरा दिवस हे चाललं. एक दिवस सुनील सुट्टीवर होता. तो मागं उभा राहून बघत होता. म्हणाला, "काकी, तुम्हाला येवढं इंग्रजी वाचता येतंय?"

"छे रे! एक अक्षर कळत नाही."

वैशाली खुर्चीतनं उठलीच. "मग तुम्ही बरोबर-चूक कसं सांगताय?"

"तुझं तोंड बघून. उत्तर येत नसलं की तू ओढणीचं टोक पिळायला लागतेस."

तिनं वही काढून मागचे सगळे धडे पुस्तकाशी ताडून बघितले. माझा एकही निकाल चुकला नव्हता!

* * *

व्हिडिओ पूर्ण झाला की तो कॉम्प्युटरला शिजवायला ठेवतात. एक पट्टी सरकत राहते, एक टक्का, दोन टक्के. त्याला ती एक्सपोर्ट म्हणते. तो जुना कॉम्प्युटर ते करताना असा घरघरायचा की वाटायचं, आता उडतंय का काय. त्यात आमच्या बिल्डिंगचं वायरिंग तसलंच. वर कॉम्प्युटर आणि खाली मिक्सर एकदम चालला की फ्यूज गेलाच समजा. आणि लाईट गेली की पट्टी परत शून्यावर.

पहिल्या एक्सपोर्टच्या दिवशी वैशालीनं जिन्यात कागद चिकटवला, "व्हिडिओ तयार होत आहे. कृपया मिक्सर लावू नये." आम्ही बायकांनी इमानेइतबारे खलबत्ते काढले. दुपारचे दोन वाजलेले. सगळ्या जिन्यात बसून, कुटत कुटत, हळू आवाजात बोलत होतो. कुणीतरी वर जाऊन बघून यायचं.

"किती झालं?"

"चौसष्ट. पण लई वेळ तिथंच आहे."

"पोरगी घाबरली असंल."

"घाम पुसतीया सारखा."

समोरच्या बिल्डिंगमधले पेन्शनर आजोबा बाजारातनं येत होते. आमचे पडलेले चेहरे बघून थांबले. पिशवी खाली ठेवली. काळजीनं विचारलं, "दवाखान्यात न्यायला नको होतं का? घरीच करताय?"

हौसाबाई खलबत्ता न थांबवता म्हणाल्या, "निम्म्याच्या वर आलंय. आता कुठं न्हेता?"

आजोबा तिथंच उभे राहिले. शंभर टक्के झाल्यावर वैशाली आनंदानं ओरडली तेव्हा त्यांनी पिशवीतनं केळं काढून माझ्या हातात दिलं. "बाळंतिणीला द्या!"

* * *

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं असेल-नसेल ते सगळं बाहेर काढून झाडायचं, पुसायचं, धुवायचं. वाकळा धुतल्या, डबे घासले, पंखा पुसला. सुनीलची सुट्टी होती. हौसाबाई त्याला म्हणाल्या, "त्या डब्याचा बी दसरा काढ की! समदा पसारा दिसतोय त्येच्यावर."

डबा म्हणजे कॉम्प्युटर. त्याच्या स्क्रीनवर वैशालीच्या व्हिडिओंच्या तुकड्यांची नुसती रांग लागलेली. सुनील फौंड्रीच्या स्टोअरला काम केलेला माणूस. तिथं नटबोल्ट साईजप्रमाणं वेगवेगळ्या खणात लावतात. त्यानं तसंच केलं. लहान तुकडे एका खणात, मध्यम दुसऱ्यात, मोठे तिसऱ्यात. प्रत्येकाला नंबर टाकला. वर हात झटकून चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी वैशालीनं तिचं काम उघडलं. स्क्रीन लालभडक. एकही व्हिडिओ दिसेना, जिथं-तिथं "मीडिया ऑफलाइन". दोन आठवड्यांची मेहनत! पोरगी रडायलाच लागली.

सुनील शपथेवर सांगायला लागला, "मी काय बी टाकलं न्हाई गं! उलट साईजवार लावलंय!"

मग पुस्तक काढलं. पान शोधलं. वैशालीनं डोळे पुसत वाचलं आणि आम्हाला सांगितलं, "काकी, या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ नसतोच. कुठला तुकडा कुठं ठेवलाय, त्याचा नुसता पत्ता असतो. ह्यांनी जागा आणि नाव बदललं, म्हणून त्याला सापडेना."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यासारखंच की! स्वतःजवळ काही नाही, पण कुणाचं काय कुठं आहे ते सगळं पाठ!"

सुनील दोन तास मान खाली घालून एकेका तुकड्याचा जुना पत्ता तिला शोधून देत होता. तेवढी एकदाच त्यानं मान वर केली.

"पर काकी, तुम्ही ऑफलाइन कधी होत न्हाई!"

* * *

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी नटवतात. शिंगं रंगवायची, मोरपीस लावायचं, पायात घुंगरू बांधायचे आणि मालकानं मोटरसायकलवर पुढं सुटायचं. गाडीच्या आवाजामागं म्हैस पळत सुटते. आमच्याकडं दूध घालणाऱ्या किसनदांच्या म्हशीनं, राणीनं, यंदा गल्ली गाजवली. वैशालीनं ते मोबाईलवर घेतलं होतं. आणि नेमका तिचा नववा धडा चालू होता, स्लो मोशनचा.

काय देखणं केलंतं हो तिनं! राणीचे कान हळूहळू हलतायत, घुंगरू वर-खाली होतायत, धुळीचा एकेक कण दिसतोय. आम्ही बायका बघतच राहिलो. किसनदांना बोलावलं. ते दुधाची किटली हातात धरूनच उभे राहिले. व्हिडिओ संपला.

वैशालीनं विचारलं, "कसा झालाय, किसनदा?"

"म्हस आजारी दिसाय लागल्या."

"अहो, ते स्लो मोशन आहे."

"असंल की. पर बघणारा काय म्हणंल? किसनाची म्हस दमली! त्या दिशी तिनं गाडीला घाम फोडलाय, पोरी!"

वैशालीनं तिथल्या तिथं वेग वाढवून दाखवला. राणी अशी सुसाट निघाली की हौसाबाईंनी पाय वर घेतले. किसनदांची मिशी थरथरली. "आता कशी! हां! ही माझी राणी!"

जिना उतरून गेले. दोन मिनिटांनी परत वर.

"पोरी, येक बारीक काम हाय. त्यात म्होरं गाडीवर मी बी हाय. म्हस हाय तशी फास्ट ठेव. पर मला तेवढं त्या पयल्यावानी स्लो मोशनमधी घे!"

* * *

मग आली आप्पांची गोष्ट. आप्पा म्हणजे लग्नाची शूटिंग घेणारे स्टुडिओवाले. वैशालीनं कामासाठी त्यांना गाठायचं ठरवलं. मी सोबत गेले. तिनं बोलावलं नव्हतं, पण एकटी कशी जाईल?

तिनं केलेला एका बारशाचा चार मिनिटांचा व्हिडिओ आप्पांनी चष्मा कपाळावर सारून बघितला. "हात चांगला हाय. पर ह्येच्यात काय फिरतंय का? काय उडतंय का? फुलं, बदाम, कमळ?"

वैशाली हळूच म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय, गरज नसताना इफेक्ट वापरू नयेत."

"पुस्तक लिवणाऱ्याच्या घरात लगीन निघालं की तसं करू! आमच्यातल्या नवऱ्या कमळातनंच येत्यात."

वर म्हणाले, "हे बघ बाई. माझा एडिटर पुण्याला गेला. जागा रिकामी हाय. एका लग्नाचं शूटिंग देतो. ते पुरं कर. मग आपण त्यांच्या घरी जाऊन सगळ्या भावकीला बसवून दाखवायचं. शेवटाला मी इचारतो, कुणाचं काय ऱ्हायलं का? कुणीच उठलं न्हाई तर काम तुझं. एकानं जरी म्हटलं, आमचं हे ऱ्हायलं, तर मी दुसरा माणूस बघणार. रोज उठून कुणाच्या रुसव्याला तोंड देऊ?"

संक्रांत तीन आठवड्यांवर होती. मी निघताना म्हटलं, "आप्पा, एकानं पण तक्रार करायची नाही, असं कधी झालंय का?"

"माझ्या आख्ख्या धंद्यात न्हाई झालं," आप्पा म्हणाले. "तुम्ही चहा घेणार?"

* * *

ते लग्न बिद्रीकडच्या एका खेड्यातलं होतं. दोन कॅमेऱ्यांचं मिळून नऊ तासांचं शूटिंग. वैशाली कापत बसायची आणि मी अन् हौसाबाई एखादी मालिका बघावी तसं सगळं बघायचो. नवरीचा मामा कोण, कुणाचं पोरगं जिलेबीच्या परातीशी घुटमळतंय, सगळं पाठ झालं आम्हाला.

दुसऱ्या दिवशी आहेराचा भाग आला. माईकवर नाव पुकारायचं, पाहुण्यानं उठून यायचं, त्याला टिळा लावायचा, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी. आता सांगायला नको, पण नाव कितवं पुकारलं त्यात सगळा मान असतो. चौथ्या नावाला एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले. टिळा लावून घेतला, टोपी घालून घेतली. दोन पावलं चालले. मग टोपी काढली, रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि मांडवातनं सरळ बाहेर! मागं चार-पाच जण पळाले. पण गृहस्थ काही वळले नाहीत.

"थांबीव!" हौसाबाई म्हणाल्या. "ह्यो रुसून गेला."

माझं माहेर बिद्रीच्या बाजूचं. लगेच वहिनीला फोन लावला. पाच मिनिटांत सगळं कळलं. ते नवरीचे थोरले चुलते, सगळे त्यांना दादा म्हणतात. नवरीचे वडील तात्या हे धाकटे. पहिला मान दादांचा. पण माईकवर पुतण्या होता, त्यानं गडबडीत तात्यांच्या सासरवाडीची तीन नावं आधी घेतली. दादा न जेवता गेले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. बांधावर समोरासमोर आले तरी एक उसाकडं बघतो, दुसरा आभाळाकडं.

वैशालीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे हे दाखवलं तर भांडण पेटणार. मी सगळा आहेरच काढून टाकते. पुस्तकातही लिहिलंय, गोष्ट पुढं जात नसेल तो भाग कापा."

"आहेर काढतीस?" हौसाबाई कॉटवरनं उतरल्याच. गुडघ्याचं दुखणं विसरून! "आगं, मग ऱ्हायलं काय? साठ माणसं टोपी घालून गेल्यात. साठच्या साठ उठून बसतील, आमचं ऱ्हायलं म्हणून!"

"मग काय करू, आत्ती?"

हौसाबाईंनी तिच्या शेजारी स्टूल ओढलं. स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्येचं नाव पयलं घे."

"पण तसं झालं नाही ना."

"झालं न्हाई म्हणून तर घे म्हणतो!"

मला राहवेना. "हौसाक्का, खोटं होईल की ते."

त्या माझ्याकडं वळल्या. "आन् नवरी कमळातनं आली, ते खरं हुतं व्हय गं?"

वैशालीनं पुस्तक उघडलं. चित्रापासून आवाज वेगळा कसा करायचा, तो धडा काढला. चौथं नाव उचललं, पहिल्या जागेवर आणलं. त्याच्या मागून दादा उठतात, टिळा लावून घेतात, डोक्यावर टोपी येते, आणि बरोबर त्याच क्षणी कापलं. पुढं सासरवाडीची तीन नावं. मागचा बॅन्डचा आवाज सलग बसवायला तिला पूर्ण दिवस लागला. हौसाबाई शेजारून हलल्या नाहीत. "हितं खरखर येतीया. परत कर." "ती बाई दोनदा दिसली. एकदा काढ." सासू म्हणून कमी आणि मुकादम म्हणून जास्त!

रविवारी दुपारी आप्पांच्या जीपमधनं निघालो. वैशाली, हौसाबाई आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जीपमध्ये एक जागा होती. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. वैशालीच्या ओढणीचं टोक पिळून पिळून चिपाड झालं होतं.

तात्यांच्या घरी बाहेरच्या सोप्यात चाळीसएक माणसं. मोठा टीव्ही. नवरी सासरहून आलेली. तिनंच फोन करून दादांना बोलावलं होतं, "माझ्यासाठी तरी या," म्हणून. दादा आले, पण दाराजवळच बसले. अंगावरचा टॉवेलही खाली ठेवला नाही.

व्हिडिओ सुरू झाला. नवरी कमळातनं आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. हळद झाली, अक्षता झाल्या. आणि माईकचा आवाज आला, "नवरीचे थोरले चुलते, दादासाहेब, यांचा आहेर!"

माईकवर ज्यानं घोटाळा केला होता तो पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. त्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. टीव्हीत दादा उठले, टिळा लावला, टोपी घातली. मग सासरवाडीची नावं सुरू झाली. चाळीस माणसांना ठाऊक होतं त्या दिवशी काय झालं ते. चाळीसच्या चाळीस जणांनी आधी टीव्हीकडं बघितलं आणि मग दाराकडं.

"जरा मागं घ्या," दादा म्हणाले.

वैशालीनं मागं घेतलं.

"आवाज वाढवा."

वाढवला. परत नाव. परत टोपी. दादा मान पुढं काढून बघत होते.

तात्या त्यांच्याकडं न बघता, टीव्हीकडंच तोंड करून म्हणाले, "बघा दादा. तुमचंच नाव पयलं घेतलंतं."

दादांनी मिशीवरनं एकदा हात फिरवला. "व्हय की. त्या गलक्यात मला ऐकाय आलं नसंल."

कुणी हसलं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. पुतण्यानं तेवढं तोंड मिटलं.

बाकीचा व्हिडिओ पार पडला. साठ टोप्या, साठ टॉवेल, पाठवणी, रडणं, सगळं. आप्पा उठले. एका हातात पुढच्या लग्नाची हार्डडिस्क. ती वैशालीला द्यायची की परत पिशवीत टाकायची, ते आता ठरणार होतं. त्यांनी सगळ्यांवरनं नजर फिरवली.

"मंडळी, कुणाचं काय ऱ्हायलं का?"

कुणी बोलेना.

"आत्ताच सांगा. मागनं फोन नगं. ऱ्हायलं का कुणाचं?"

हौसाबाईंनी माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं. आप्पांनी हार्डडिस्क वैशालीपुढं धरली. तिनं हात पुढं केला.

"माझं ऱ्हायलंय," दाराजवळनं दादा म्हणाले.

आप्पांचा हात तिथंच थांबला. वैशालीनं डोळे मिटले.

दादांनी अंगावरचा टॉवेल काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि तात्यांच्या बायकोकडं बघून म्हणाले, "लग्नातलं जेवाण. वाढ की!"